प्रतिस्पर्ध्याची जाहिरात छापावी का?

३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'मूकनायक' या पाक्षिकाचा पहिला अंक मुंबईत निघाला. हे पत्र निघत असल्याची जाहिरात 'केसरी'ने छापावी अशी विनंती करण्यात आली होती. रीतसर पैसे भरायची तयारी होती, तरी 'केसरी'ने ती नाकारली. आंबेडकरांनी ही गोष्ट पुढे स्वतः नोंदवली, आणि धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रातही ती आली आहे. 'केसरी'चे लोकमान्य टिळक त्या वेळी हयात होते. एका बाजूला चाळीस वर्षे मुरलेले, गावोगाव वाचले जाणारे साप्ताहिक होते आणि दुसऱ्या बाजूला ज्यांचा आवाज आजवर छापखान्यातून क्वचितच उमटला होता, त्यांचे नवे पत्र. व्यवहार म्हणून मागणी साधी होती. पण जाहिरात स्वीकारणे म्हणजे निव्वळ जागा विकणे नाही, आपल्या वाचकाच्या घरात दुसऱ्याला पाऊल टाकू देणे आहे, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते. म्हणूनच तो नकार शंभर वर्षांनंतरही मराठी पत्रकारितेच्या इतिहासात बोचत राहतो.

त्या प्रसंगामागे जातीचे वास्तव होते, आणि ते बाजूला ठेवून त्याकडे पाहता येणार नाही. तरी त्यातून उभा राहणारा व्यावसायिक प्रश्न आजही जसाच्या तसा आहे. विशिष्ट वाचकवर्गासाठी निघणारी लहान नियतकालिके मराठीत भरपूर आहेत: ग्रंथप्रेमींची, शेतीतल्या एकेका पिकाची, डॉक्टरांची, विवेकवादी चळवळींची, ज्ञातिसंस्थांची, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांची. अशा नियतकालिकाच्या संपादकाकडे कधी ना कधी त्याच क्षेत्रातल्या दुसऱ्या मासिकाचे पत्र येते. सोबत तयार मजकूर असतो, 'आजच वर्गणीदार व्हा' अशी ठळक ओळ असते, आणि मलपृष्ठाचा दर विचारलेला असतो. कागद, छपाई आणि टपालाचा खर्च वर्गणीतून भागत नसतो. पुढच्या अंकाचे मलपृष्ठ अजून रिकामे असते. ही जाहिरात घ्यावी की परत पाठवावी? या प्रश्नावर आजवर काय विचार झाला, कोणत्या भूमिका घेतल्या गेल्या आणि काय अजून सुटलेले नाही, याचा हा आढावा.

प्रतिस्पर्धी म्हणजे कोण

या वादात बरीच गल्लत एका शब्दामुळे होते. 'प्रतिस्पर्धी' म्हणताना आपण तीन वेगळ्या माणसांबद्दल बोलत असतो. पहिला त्याच धंद्यातला, म्हणजे तुमच्यासारखेच मासिक काढणारा आणि तुमच्याच वाचकाकडे वर्गणी मागणारा. दुसरा विचारांतला विरोधक. त्याला तुमचे वर्गणीदार नको असतात, तुमच्या वाचकाचे मत बदलायचे असते. तिसरा मालकाच्या दुसऱ्या व्यवसायातला स्पर्धक: मासिक चालवणारा स्वतः पुस्तकविक्रेता, बियाणे कंपनी किंवा रुग्णालय असेल, तर त्या व्यवसायातले इतर लोक. 'मूकनायक' हा 'केसरी'चा धंद्यातला स्पर्धक जवळजवळ नव्हताच. दोघांचे वाचक वेगळे होते आणि ताकदीत तर तुलनाच नव्हती. तो विचारांतला विरोधक होता. एका प्रकाराबद्दलचा युक्तिवाद दुसऱ्याला लावला की वाद भरकटतो. म्हणून प्रत्येक भूमिका तपासताना ती या तिघांपैकी कोणाबद्दल आहे, हे आधी विचारावे लागते.

मागची वाट

सर्वांत टोकाची आणि सर्वांत स्वच्छ भूमिका गांधीजींची. 'इंडियन ओपिनियन' हे त्यांचे पत्र १९०३ साली दरबानला सुरू झाले आणि पुढच्या वर्षाअखेरीस फिनिक्स वसाहतीत गेले. आरंभी त्यात जाहिराती होत्या. पुढे त्यांनी त्या बंद केल्या, बाहेरची छपाईची कामेही सोडली. जाहिराती मिळवण्यात आणि जाहिरातदारांची मर्जी सांभाळण्यात माणसांचा वेळ जातो, आणि समाजाला पत्र आपले वाटत असेल तर समाजाने ते वर्गणीतून चालवावे, असा त्यामागचा विचार त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या सत्याग्रहाच्या इतिहासात मांडला आहे. हिंदुस्थानात आल्यावर 'यंग इंडिया' आणि 'नवजीवन'मध्येही त्यांनी जाहिराती घेतल्या नाहीत. या भूमिकेत प्रतिस्पर्ध्याचा प्रश्न उद्भवतच नाही, कारण दार सर्वांनाच बंद असते. तिच्यात भेदभाव नाही हे तिचे मोठे बळ. पण संपादक गांधीजींच्या तोलाचा असेल आणि वर्गणीदार त्याच्या शब्दाखातर टिकून राहतील, तेव्हाच ती पेलते. चारशे-पाचशे वर्गणीदारांवर चालणाऱ्या त्रैमासिकाला हा मार्ग दाखवणे म्हणजे बहुधा त्याला बंद पडायला सांगणे ठरते.

दुसऱ्या टोकाला 'सकाळ'चा खटला आहे. नियतकालिकांच्या अर्थव्यवहारात जाहिरातीचे स्थान काय, हे मराठी पत्राच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयासमोर आले ते याच खटल्यात. १९५६ च्या कायद्याने आणि १९६० च्या आदेशाने वृत्तपत्राची किंमत त्याच्या पानांशी बांधून टाकली आणि जाहिरातींच्या जागेवरही नियंत्रणाची तरतूद केली. तेव्हा 'सकाळ'च्या रोजच्या अंकाची किंमत ७ नवे पैसे होती आणि सुमारे ४० टक्के जागा जाहिरातींना जात असे. पाने तेवढीच ठेवायची तर किंमत वाढवा, किंमत तेवढीच ठेवायची तर पाने कमी करा, असा तो पेच होता. सरकारचे म्हणणे होते की मोठ्या वृत्तपत्रांच्या अनुचित स्पर्धेपासून लहान वृत्तपत्रांना वाचवायचे आहे. न्यायालयाने १९६२ साली हे नियम रद्द ठरवले. जाहिराती घटल्या की किंमत वाढते, किंमत वाढली की खप घटतो आणि खप घटला की विचार पोचवण्याचे स्वातंत्र्यच आक्रसते, ही त्या निकालामागची साखळी. या निकालाने आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर दिलेले नाही. पण जाहिरात हा मजकुराला लागलेला डाग आहे आणि ती जितकी कमी तितके पत्र शुद्ध, ही सोपी समजूत मात्र त्याने मोडीत काढली. जाहिरातीमुळे वाचकाला अंक परवडतो.

या दोन टोकांच्या मध्ये मराठीत एक अतिशय बोलके उदाहरण आहे आणि त्याची दखल घ्यावी तितकी घेतली गेलेली नाही. १९६४ साली मॅजेस्टिकच्या केशवराव कोठावळे यांनी 'ललित' हे ग्रंथप्रेमींसाठीचे मासिक सुरू केले. कोठावळे स्वतः पुस्तकविक्रेते आणि प्रकाशक होते. म्हणजे हे मासिक केवळ आपल्या दुकानाची आणि आपल्या पुस्तकांची दवंडी म्हणून चालवणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी तसे केले नाही. इतर प्रकाशकांच्या नव्या पुस्तकांच्या जाहिराती 'ललित'मध्ये वर्षानुवर्षे येत राहिल्या, त्यांच्या पुस्तकांवर लिहून येत राहिले, आणि जयवंत दळवींच्या 'ठणठणपाळा'ने साहित्यव्यवहारातल्या साऱ्यांनाच आपल्या सदरात ओढले. इथे स्पर्धक तिसऱ्या प्रकारातला होता, मालकाच्या दुसऱ्या धंद्यातला. दार उघडे ठेवल्याने मॅजेस्टिकचा तोटा झाला असे म्हणायला जागा दिसत नाही. उलट मराठी ग्रंथव्यवहाराचे सामायिक पान म्हणून 'ललित'ला जे स्थान मिळाले, ते केवळ घरचे मासिक राहून मिळाले नसते. एखाद्या प्रकाशनसंस्थेने मुख्यतः स्वतःच्या पुस्तकांची माहिती देणारे मासिक चालवणे गैर आहे, असा याचा अर्थ नाही. तशी मासिके आहेत, उपयोगी आहेत, आणि हे अमुक संस्थेचे मासिक आहे हे ती लपवत नाहीत. प्रश्न येतो तो एका क्षेत्राचे मासिक म्हणवून घ्यायचे आणि पाने मात्र एका दुकानासाठी राखायची तेव्हा.

दिवाळी अंकांच्या प्रथेने या प्रश्नात आणखी एक अनुभव जमा केला आहे. का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'ने १९०९ साली काढलेल्या अंकापासून ही परंपरा मोजली जाते. आज दर वर्षी शेकडो अंक निघतात, एकाच पंधरवड्यात, एकाच टेबलावर, एकाच वाचकासमोर. याहून थेट स्पर्धा दुसरी नाही. तरीही नियतकालिकांनी परस्परांच्या जाहिराती छापण्याची, अनेकदा पैशाऐवजी जागेच्या बदल्यात जागा देण्याची रीत जुनी आहे. यामागे भाबडी उदारता नाही, वाचकाची ओळख आहे. दिवाळी अंक घेणारा माणूस बहुधा एकावर थांबत नाही. तो संच घेतो, किंवा वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेत नाव घालून एका शुल्कात वीस-पंचवीस अंक आळीपाळीने घरी नेतो. अशा वाचकाला दुसऱ्या अंकाची खबर दिल्याने तो आपल्याला सोडून जात नाही. त्याची वाचायची भूक वाढते, आणि त्या भुकेतच सर्वांचा वाटा असतो.

अमेरिकेतले तीन दाखले

धंद्यातल्या स्पर्धेच्या अंगाने हा प्रश्न सर्वांत कसोशीने तपासला गेला तो अमेरिकेत. १९३३ च्या सुमारास रेडिओ जाहिरातदारांना खेचू लागला, तेव्हा तिथल्या वृत्तपत्र प्रकाशकांच्या संघटनेने ठराव केला की रेडिओचे कार्यक्रमपत्रक यापुढे बातमी म्हणून छापू नये, छापायचे तर पैसे घेऊन जाहिरात म्हणून छापावे. म्हणजे प्रतिस्पर्ध्याला दार बंद केले नाही, फक्त फुकटचा प्रवेश बंद केला. हे धोरण फार काळ टिकले नाही, कारण वाचकाला ते पत्रक हवे होते.

पुढचे प्रकरण अधिक गंभीर. ओहायो राज्यातल्या लोरेन गावात 'लोरेन जर्नल' हे दैनिक ९९ टक्के घरांत जात असे. १९४८ साली आठ मैलांवरच्या एलिरिया गावात एक रेडिओ केंद्र सुरू झाले. दैनिकाने स्थानिक दुकानदारांना बजावले की रेडिओवर जाहिरात द्याल तर आमच्या पानांवर तुमची जाहिरात लागणार नाही. खटला अमेरिकी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९५१ साली न्यायालयाने हे वर्तन मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग ठरवले. इथे दैनिकाने नाकारली ती प्रतिस्पर्ध्याची स्वतःची जाहिरात नव्हती, त्याच्या गिऱ्हाइकांची होती. हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे. पण आपल्या विषयासाठी या खटल्यातली खरी शिकवण वेगळीच आहे. लोरेन हे काही मोठे शहर नव्हते आणि ते दैनिकही देशाच्या हिशेबात चिमुकलेच होते. तरी त्या गावापुरते तेच एकमेव दार होते. लहान असणे आणि दुर्बळ असणे या दोन गोष्टी एक नाहीत.

तिसरा दाखला उलट बाजूचा. १९७० च्या दशकाच्या आरंभी निघालेल्या 'मिस' या स्त्रीवादी मासिकाने अनेक वर्षे सौंदर्यप्रसाधने आणि घरगुती वस्तूंच्या कंपन्यांच्या जाहिराती घेतल्या, आणि शेवटी १९९० साली जाहिराती पूर्णपणे बंद केल्या. जाहिरातदार पानाची किंमत देऊन थांबत नाहीत, शेजारच्या पानावर काय असावे हेही ते ठरवू पाहतात, हा आपला अनुभव संपादक ग्लोरिया स्टायनेम यांनी तपशीलवार लिहिला. इथे विरोधक उघड शत्रू म्हणून आला नव्हता. गिऱ्हाईक म्हणून आला आणि हळूहळू मजकुरात शिरला.

मांडल्या जाणाऱ्या भूमिका

जाहिरात घ्यावी असे म्हणणाऱ्यांचा मुख्य आधार वाचक आहे. वाचक ही संपादकाची मालमत्ता नाही. आपल्या आवडीच्या क्षेत्रात आणखी काय निघते आहे हे कळण्याचा त्याला हक्क आहे, आणि ते लपवून ठेवणारे मासिक त्याच्याशी पूर्ण प्रामाणिक राहत नाही. आपल्याकडे या म्हणण्याला न्यायालयीन आधारही मिळाला आहे. मुंबईत टाटा प्रेस 'यलो पेजेस' नावाची व्यावसायिक सूची काढत असे. महानगर टेलिफोन निगमच्या टेलिफोन डिरेक्टरीतही जाहिराती घेतल्या जात आणि त्यातून उत्पन्न मिळे, म्हणून निगमने या सूचीला हरकत घेतली. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की व्यापारी जाहिरात हाही अभिव्यक्तीचा भाग आहे आणि ती वाचण्या-ऐकण्याचा नागरिकाला हक्क आहे. प्रतिस्पर्ध्याची जाहिरात छापण्याची सक्ती या निकालातून निघत नाही. पण जाहिरातीकडे वाचकाच्या बाजूने पाहण्याची सवय त्याने लावली. दुसरा आधार आत्मविश्वासाचा: मासिक चांगले असेल तर शेजाऱ्याच्या जाहिरातीने ते ओस पडत नाही.

घेऊ नये म्हणणाऱ्यांचे म्हणणेही हलके नाही. विशिष्ट विषयाचे मासिक उभे राहते ते कोणीतरी दहा-पंधरा वर्षे पत्ते गोळा करून, अंक पाठवून, थकलेल्या वर्गण्यांसाठी पत्रे लिहून. त्या श्रमातून जमलेला वाचक एका पानाच्या भावात दुसऱ्याला दाखवून द्यायचा का? दिवाळी अंकाचा वाचक एकापेक्षा अधिक अंक घेतो हे खरे, पण वार्षिक वर्गणीचे तसे नाही. द्राक्षबागायतदार एका वर्षी एकाच मासिकाची वर्गणी भरेल हीच शक्यता जास्त. दुसरी भीती ताकदीच्या तफावतीची. मोठ्या भांडवलाचे प्रतिस्पर्धी मासिक वर्षभराचे मलपृष्ठ आगाऊ घेते. लहान मासिकाच्या उत्पन्नाचा तिसरा हिस्सा तिथून येऊ लागतो, आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी संपादकाचे हात बांधलेले असतात. तिसरा मुद्दा विश्वासाचा. विचारांच्या चळवळीतले मासिक वाचणारा माणूस त्यातल्या जाहिरातीलाही अर्धवट शिफारस समजतो. खालच्या ओळीत काहीही छापलेले असो.

मधली भूमिका निवडीची: काही घ्याव्यात, काही नाकाराव्यात. व्यवहारात बहुतेक संपादक इथेच असतात. पण निवड कशावर करायची, यावर त्यांच्यात एकमत नाही. कोणी जाहिरातदार कोण ते पाहतो, कोणी मजकूर पाहतो, कोणी किती पैसे येतात ते पाहतो. नियम लिहिलेला नसतो, त्यामुळे प्रत्येक वेळी निर्णय संपादकाच्या त्या दिवसाच्या मनःस्थितीवर आणि छापखान्याच्या थकलेल्या बिलावर सोडलेला असतो.

कायदा कुठवर येतो

भारतात खासगी नियतकालिकाला जाहिरात नाकारण्याचा हक्क आहे, आणि पत्रकारितेचे संकेत तो मान्य करतात. त्याच वेळी प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेनुसार जाहिरातींसह अंकातल्या सर्व मजकुराची जबाबदारी संपादकावर आहे, आणि ती नाकारायची असेल तर तसे आधीच स्पष्ट सांगावे लागते. श्रेयनामावलीच्या तळाशी बारीक अक्षरांत येणारी 'जाहिरातींतील मजकुराशी संपादक सहमत असतीलच असे नाही' ही ओळ हेच काम करते. पण सर्व काही या ओळीवर सोडता येत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने प्रकाशकालाही १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. नेहमीच्या व्यवहाराच्या ओघात छापली, हा बचाव त्याला मिळतो. तुलनात्मक जाहिरातीबाबत आपल्या न्यायालयांची रेषा बरीच स्थिर आहे: माझा माल सर्वोत्तम म्हणता येते, शेजाऱ्याचा माल वाईट म्हणून त्याची बदनामी करता येत नाही. इंटरनेटवरच्या शोधात प्रतिस्पर्ध्याचे नाव वापरून जाहिरात दाखवण्याच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ साली असाच सूर लावला. नुसते नाव वापरल्याने उल्लंघन होत नाही, गिऱ्हाइकाचा गोंधळ उडतो का हे पाहायचे. आणि २००२ च्या स्पर्धा कायद्याने ज्याचे बाजारात वर्चस्व आहे त्याला दुसऱ्याची वाट अडवायला मनाई केली आहे. कायद्याचा रोख म्हणजे मजकुराकडे, गोंधळाकडे आणि ताकदीकडे आहे. जाहिरातदार प्रतिस्पर्धी आहे, एवढ्याने कायद्याच्या दृष्टीने काहीच ठरत नाही.

तोलून पाहता

माझ्या मते या वादात निर्णायक मुद्दा लोरेनचा आहे आणि तो मराठी चर्चेत जवळजवळ आलेला नाही. लहान नियतकालिक स्वतःकडे पाहते तेव्हा त्याला आपली तुलना मोठ्या दैनिकांशी दिसते आणि आपण अशक्त आहोत असे वाटते. पण त्या क्षेत्रातल्या नवख्याकडून पाहा. एखाद्या विषयावर मराठीत दोनच मासिके असतील, तर जुने मासिक हे त्या विषयापुरते 'केसरी' आहे. नव्याला आपल्या संभाव्य वाचकाला हाक मारायची तर दुसरी जागाच नाही. दैनिकात जाहिरात द्यायची तर लाखभर वाचकांपैकी दोनशे जणच त्याच्या उपयोगाचे, आणि दर मात्र लाखभरांचा. म्हणून विशिष्ट वाचकवर्गाच्या मासिकाचा नकार मोठ्या दैनिकाच्या नकारापेक्षा अधिक जड असतो. धंद्यातल्या स्पर्धकासाठी दार उघडे असावे, हा माझा निष्कर्ष इथून येतो. 'मूकनायक' तर विचारांतला विरोधक होता, तरी त्याला जागा मिळायला हवी होती, हे आज मान्य करणाऱ्याने आपल्या मासिकाच्या बाबतीतही हा निष्कर्ष मान्य केला पाहिजे.

यावर पहिला आक्षेप श्रमाचा. वर्षानुवर्षे जमवलेला वाचक असा का द्यायचा? पण जाहिरात छापणे म्हणजे पत्त्यांची वही देणे नव्हे. वही देणे वेगळे आणि ती देऊ नये, कारण वाचकाने पत्ता आपल्या भरवशावर दिलेला असतो. जाहिरातीत फक्त हाक असते, ओ द्यायची की नाही हे वाचक ठरवतो. वर्गणीदार एकाच मासिकाचा होईल, हा मुद्दा खरा आहे आणि त्यातून काही नुकसान संभवते, हेही नाकारता येत नाही. पण जो वाचक एका जाहिरातीने जातो, तो आज ना उद्या दुकानात नवे मासिक पाहूनही जाणारच असतो. दुसरा आक्षेप अवलंबनाचा, आणि मला तो सर्वांत वजनदार वाटतो. 'मिस'चा अनुभव याच बाजूचा आहे. त्यावर उपाय दाराशी नाही, प्रमाणात आहे. कोणत्याही एका जाहिरातदाराकडून वर्षाच्या उत्पन्नाच्या ठरावीक हिश्शापेक्षा अधिक रक्कम घ्यायची नाही, मलपृष्ठ सलग दोन अंकांपेक्षा जास्त एकाला द्यायचे नाही, दर छापील दरपत्रकाप्रमाणेच घ्यायचा. तो कमी नको आणि जास्तही नको, कारण दरापेक्षा जास्त पैसे देणारा पानापलीकडचे काहीतरी मागत असतो. हे नियम प्रतिस्पर्ध्यालाच नाही, सर्वांना लागू हवेत.

विचारांतल्या विरोधकाचा प्रकार वेगळा आहे आणि तिथे हा निष्कर्ष सरसकट लावता येत नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या मासिकाने चमत्कारी ताईताची जाहिरात नाकारणे हे दार बंद करणे नाही, स्वतःच्या कामाशी सुसंगत राहणे आहे. शिवाय तशा जाहिरातींवर कायद्याचीही बंदी येते, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२१ साली दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातींबाबत सांगितले आहे. पण त्याच मासिकाकडे वेगळ्या वैचारिक परंपरेचे नियतकालिक आपल्या विशेषांकाची जाहिरात घेऊन आले, तर? त्यात कोणाची फसवणूक नाही, केवळ मतभेद आहे. इथे मी छापण्याच्या बाजूने आहे. चौकटीवर 'जाहिरात' असा ठळक शब्द हवा, आणि त्याच अंकात संपादकाला त्या विचारावर टीका करायची पूर्ण मोकळीक हवी. वाचक जाहिरातीला शिफारस समजतो, हा आक्षेप यामुळे पूर्ण सुटत नाही, पण बराच सैल होतो.

जे सुटलेले नाही

काही प्रश्नांना आज कोणाकडेच समाधानकारक उत्तर नाही. क्षेत्र किती अरुंद मानायचे, हा पहिला. ऊस आणि द्राक्ष यांची मासिके एकमेकांची स्पर्धक आहेत का? संस्थेच्या देणग्यांवर चालणारे मासिक आणि वर्गणीवर जगणारे मासिक यांना एकच मोजमाप लावायचे का, हा दुसरा. देणगीवरचे मासिक नुकसान सोसू शकते आणि म्हणून उदारही होऊ शकते. जागेच्या बदल्यात जागा देण्याची रीतही पूर्ण निर्मळ नाही. दोन प्रस्थापित मासिके परस्परांना जागा देत राहतात आणि बदल्यात द्यायला ज्याच्याकडे काहीच नाही, तो तिसरा नवखा बाहेर राहतो, असेही होऊ शकते. आणि सर्वांत अवघड प्रश्न परस्परतेचा. मी तुझी जाहिरात छापतो, पण तू माझी नाकारतोस, अशा वेळी दार किती दिवस उघडे ठेवायचे? न्याय एका बाजूने सांगतो की वाचकाचा हक्क दुसऱ्या संपादकाच्या वागण्यावर अवलंबून नाही. जगण्याची गरज दुसऱ्या बाजूने सांगते की एकतर्फी उदारतेत लहान मासिक संपून जाऊ शकते. इथे नियम करता येईल असे मला वाटत नाही. प्रत्येक संपादकाला आपल्या हिशेबाच्या वहीसमोर बसूनच हे ठरवावे लागेल.

नियमांनी सगळे सुटत नसले, तरी नियम लिहून ठेवायला कोणाचीच हरकत नसावी. येत्या दिवाळीच्या अंकाची जुळवाजुळव करणाऱ्या लहान नियतकालिकांच्या संपादकांना म्हणून एक विनंती: श्रेयनामावलीच्या पानावर, वर्गणीच्या दराखाली चार ओळी छापा. कोणत्या जाहिराती आम्ही घेत नाही, कोणत्या कारणाने घेत नाही, एका जाहिरातदाराकडून जास्तीत जास्त किती घेतो, आणि आमच्याच क्षेत्रातल्या दुसऱ्या मासिकाला आमचे दरपत्रक इतरांना लागू आहे तेच लागू आहे.